साचा आधी, वांगोबा नंतर : जळगावात बसून रेझिनचं आर्ट टॉय

लबुबू नावाच्या त्या दातवाल्या केसाळ खेळण्याच्या लाटेचा एक फायदा झाला, आता 'आर्ट टॉय', म्हणजे कलाकाराने स्वतःच्या डोक्यातून काढलेलं, मोठ्यांच्या संग्रहासाठीचं खेळणं, म्हटलं की समोरच्याला थोडाफार तरी अंदाज येतो. आधी मी सांगायचे की मी रेझिनची (दोन द्रव मिसळून साच्यात ओतलं की कडक होणाऱ्या प्लास्टिकची) खेळणी बनवते, तर लोकांना वाटायचं की ते फुलं घातलेले कोस्टर, नावाच्या कीचेन वगैरे असेल, आणि मग समजवण्यातच अर्धा तास जायचा. तर आज सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकते, कारण जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या बऱ्याच जणांनी विचारलंय की हे घरी कसं करतात, थ्रीडी प्रिंटर लागतोच का, सामान कुठून आणायचं, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे कॅरेक्टर सुचतं कसं.

माझं मत आधीच सांगून टाकते. कॅरेक्टर सुचणं हा अर्धाच भाग आहे, खरं डिझाईन साच्यापाशी ठरतं. कागदावर कितीही भारी काढलं आणि ते साच्यातून धड बाहेरच येणार नसेल तर त्याचं खेळणं होत नाही, चित्रच राहतं. म्हणून मी पहिल्या स्केचपासूनच लाल पेन्सिलीने साच्याची जोडरेघ मारून बघते, म्हणजे साचा कुठून उघडेल, रेझिन कुठून आत जाईल, हवा कुठून निघेल. हे ऐकायला किचकट वाटतं पण एकदा डोळा बसला ना की मग रस्त्यावरची प्रत्येक वस्तू तुम्ही दोन भागात कापून बघायला लागता, खरंच.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय रेझिनच का हे कळणार नाही. डिझायनर टॉय हा प्रकार नव्वदच्या दशकाच्या शेवटी हाँगकाँग आणि टोकियोत उभा राहिला. हाँगकाँगच्या मायकल लाऊने १२ इंची ॲक्शन फिगर घेऊन त्यांना स्वतःच्या कॅरेक्टरची रूपं दिली, स्केटबोर्डवाली, ढगळ कपड्यातली रस्त्यावरची पोरं, आणि १९९९ च्या सुमारास त्यांचं प्रदर्शन भरवलं. तिकडे टोकियोत बाउंटी हंटर नावाच्या कपड्यांच्या ब्रँडने स्वतःच्या व्हिनाइल बाहुल्या काढल्या होत्या. मग २००१ मधे जपानच्या मेडिकॉम टॉयचं बेअरब्रिक हे अस्वलाच्या आकाराचं खेळणं आलं, २००२ मधे अमेरिकेत किडरोबॉट ही कंपनी सुरू झाली, आणि आज जिचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ती लबुबू विकणारी चीनची पॉप मार्ट कंपनी २०१० ची. म्हणजे कलाकाराने स्वतःच्या डोक्यातलं पात्र मोठ्या माणसांसाठी, संग्रहासाठी, थोड्याच नगांत बनवायचं ही कल्पना फार जुनी नाही.

आता ती दुकानातली मऊ खेळणी व्हिनाइलची असतात. जपानी पद्धतीत आधी मेणाचं मॉडेल करतात, त्यावर धातूचा थर चढवून धातूचा साचा बनवतात, त्यात पातळ पीव्हीसी ओतून साचा गरम तेलात धरतात, भिंतीला लागलेला थर शिजला की आतलं उरलेलं ओतून टाकतात आणि मग गरम आहे तोवरच खेळणं पकडीने ओढून काढतात. धातूचा साचा महाग, म्हणून शेकड्याने नग काढले तरच परवडतं. एकट्या माणसाला वीस-तीसच नग काढायचे असतील तर रेझिनशिवाय पर्याय नाही. सिलिकॉनचा रबरासारखा मऊ साचा, दोन बाटल्यांतलं रेझिन, आणि एक टेबल एवढ्यावर काम होतं. सिलिकॉनचा साचा नीट सांभाळला तर तीस-चाळीस नग आरामात देतो, मग हळूहळू कडा फाटायला लागतात.

बाहेरच्यांना वाटतं की हे सगळं मुंबई-बंगलोरचं काम आहे, जळगावात कोण शिकवणार. पण आपल्याकडे साच्याचं काम करणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे त्या नजरेने बघत नाही. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई बसते ती थेट कोजागिरीपर्यंत, महिनाभर रोज संध्याकाळी पोरी गाणी म्हणतात, खाऊ ओळखायला लावतात. त्या गुलाबाई-गुलोजींच्या रंगीत मूर्ती साच्यातल्याच असतात, पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, आणि मग जोड. लहानपणी मी त्या मूर्तीच्या कडेवरची जोडाची रेघ बोटाने चाचपत बसायचे. मूर्तीवाल्या काकांनी मला पुढे एकच गोष्ट नीट समजावली, की साच्यातली मूर्ती मागे सपाट का असते. मागे कोणी बघत नाही हे एक कारण झालं, पण खरं म्हणजे सपाट भाग साच्यातून न अडकता सुटतो, आणि त्यांचा साचा कडक असतो, तो वाकत नाही. म्हणून त्यांच्या मूर्तीचे हात अंगाला चिकटलेले, पदर अंगाला चिकटलेला, मान आणि खांद्यामधली फट बुजवलेली. मी शाळेत असताना वाटायचं की त्या मूर्ती साध्या आहेत, आता कळतं की त्या साधेपणात केवढा विचार आहे.

दुसरी शाळा म्हणजे आपला सराफ बाजार. सोन्यासाठी जळगावला लोक कुठून कुठून येतात, पण दुकानाच्या मागे कारागीर काय करतात ते फार कोणी बघत नाही. सुभाष चौकाच्या बाजूला एका बंगाली कारागीर दादांनी मला त्यांची रबराची डाय, म्हणजे साचा, कापताना बसून बघू दिलं, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. अंगठीचं मूळ धातूचं मॉडेल कच्च्या रबराच्या थरांमधे दाबून गरम प्रेसमधे शिजवतात, मग तो रबराचा ठोकळा थंड झाला की ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने कापून उघडतात. कापताना सरळ कापत नाहीत, कडेने मुद्दाम नागमोडी कापतात, कोपऱ्यात छोटी खुंटी ठेवतात, म्हणजे दोन भाग परत जोडले की जिथल्या तिथे बसतात, केसाएवढेही सरकत नाहीत. मग त्यात मेण भरून मेणाच्या अंगठ्या काढायच्या, त्या एका खोडाला लावून झाड करायचं, वगैरे पुढचं वेगळं. दादांचा हात बघण्यासारखा होता, डाव्या अंगठ्याने रबर फाकवत जायचं आणि ब्लेड फक्त टेकवायचं, ताणामुळे रबर आपोआप उघडत जातं. "जोर मत लगाओ, रबर खुद बोलेगा," एवढंच म्हणाले. हीच पद्धत मी छोट्या भागांसाठी वापरते, आख्खं मॉडेल सिलिकॉनच्या ठोकळ्यात बुडवायचं आणि मग तसंच नागमोडी कापून काढायचं. युट्यूबवर जे मला नीट कळत नव्हतं ते तिथे स्टुलावर बसून एका दुपारी कळलं.

आता वांगोबा, म्हणजे भरताच्या वांग्याचं मी केलेलं पात्र. हा माझा सगळ्यात आवडता नग, म्हणून त्याच्यावरच सगळं समजावते.

माझं माहेर यावल तालुक्यातलं, लेवा पाटलांचं घर, त्यामुळे हिवाळा म्हणजे भरीत. आपलं भरताचं वांगं बाकी ठिकाणी मिळतं तसं जांभळं नसतं, ते फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, मोठं, गुळगुळीत, वजनदार. बामणोद गावचं वांगं इकडे सगळ्यांना माहीत आहेच, आणि २०१६ मधे जळगाव भरीत वांग्याला जीआय मानांकनही मिळालं. मला त्या आकाराचंच आकर्षण होतं. वर निमुळतं, खाली जड, डोक्यावर काटेरी देठाची टोपी. खेळण्याला काय लागतं, तर लांबून ओळखू येणारी बाह्यरेषा, आणि ती इथे आयती आहे. मी नेहमी स्केच पूर्ण काळं भरून अंगठ्याच्या नखाएवढं छोटं करून बघते, तरी ओळखू आलं तर पुढे जायचं, नाही तर नाही.

पण नुसतं वांग्याला डोळे लावले की ते शाळेच्या भाजीपाल्याच्या तक्त्यावरचं चित्र होतं. त्याला स्वभाव पाहिजे. माझी आजी बाजूला बसून बघत होती, म्हणाली, "हे काय बनवू राह्यली वं? वांगं?" मी म्हटलं हो, भरताचं. तर म्हणते, "मग असं ताठ काहून उभं केलं? भाजल्यावर वांगं बसतं." आणि झालं, तिथेच वांगोबा मिळाला मला! कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगं भाजताना तुम्ही पाहिलं असेल, आधी साल काळी पडते, मग एका बाजूने खचतं, खालून फुटून रस गळायला लागतो. तर माझा वांगोबा एका कुशीवर रेललेला आहे, जेवून ओट्यावर टेकलेल्या माणसासारखा, डोळे अर्धे मिटलेले, पोट पुढे. समोरून हिरवा, कच्चा, आणि पाठीमागून भाजलेला, काळा, साल सुटलेली. फिरवून ठेवला की दुसरंच खेळणं. 

आता इथे साच्याचा विचार सुरू होतो. हात अंगाला चिकटवलेले, गुलाबाईच्या मूर्तीवरून सरळ उचललेली गोष्ट. देठाची टोपी वेगळा भाग केली, कारण देठाच्या काटेरी पाकळ्या खाली वळतात आणि त्यांच्याखाली साचा अडकतो, याला अंडरकट म्हणतात. अंडरकट ओळखायची सोपी युक्ती सांगते. खोलीत अंधार करा, मॉडेल आडवं ठेवा, जिकडून साचा उचलणार त्या बाजूने बरोबर वरून मोबाईलचा टॉर्च धरा, आणि वरून त्याच रेषेत एका डोळ्याने बघा. जोडरेघेच्या वरचा जो भाग तुम्हाला दिसत नाही, तो साच्यात अडकणार. सिलिकॉन मऊ असतं म्हणून थोडंफार चालून जातं, पण जितका अंडरकट जास्त तितका साचा लवकर फाटतो.

आणि जोडरेघ. दोन भागांच्या साच्यात रेझिन फटीत शिरून एक बारीक कंगोरा येतोच, तो घासावा लागतो, घासला तरी त्या जागेचं पॉलिश थोडं वेगळं दिसतं. म्हणून मी ती रेघ हिरवा आणि काळा भाग जिथे भेटतात बरोबर तिथून नेली, जिथे साल सुटल्याची खडबडीत कड आहे. तिथे कंगोरा आला तरी तो सालीचाच भाग वाटतो, घासायचं काम जवळपास संपलं. माझ्या मते अख्ख्या वांगोबामधला सगळ्यात चांगला निर्णय हा आहे, रंग आणि डोळे नंतर.

मॉडेल कशाचं करायचं, तर मी एम-सीलचंच करते. आत ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा, वर एम-सीलचे थर, ओल्या बोटाने गुळगुळीत करायचं. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं, भट्टी लागत नाही, आणि वाळलं की कानसता येतं, ड्रिल करता येतं. नाजूक कामाला पॉलिमर क्ले छान आहे, ती १३० अंशाच्या आसपास ओव्हनमधे भाजावी लागते, मात्र त्यासाठी जेवणाचा ओव्हन वापरू नका. थ्रीडी प्रिंट ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, मला बोटांनी घडवायला आवडतं एवढंच. एक लक्षात ठेवा, साध्या प्लास्टिसिन मातीत बऱ्याचदा गंधक असतं, आणि प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन गंधकाला लागलं की तिथे वाळतच नाही, चिकट राहतं. लेटेक्सच्या हातमोज्यांनी पण तेच होतं, आणि नीट न वाळलेल्या प्रिंटिंग रेझिननेही. त्यामुळे नवशिक्यांनी टिन प्रकारचं घ्यावं, ते एवढे नखरे करत नाही, स्वस्त पण असतं, फक्त साचा थोडा कमी वर्षं टिकतो.

सिलिकॉन सगळं उचलतं, बोटाचा ठसासुद्धा. म्हणून मॉडेलची पॉलिश ही अशी जागा आहे जिथे मी सगळ्यात जास्त वेळ देते. २२० चा पाण्याचा पेपर, मग ४००, मग ८००, आणि मधे मधे गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा सरफेसर मारून तिरप्या उजेडात बघायचं, ओरखडे लगेच दिसतात. एक ओरखडा इथे राहिला तर तो तीस नगांवर येणार आणि तीस वेळा घासावा लागणार.

साच्याचं थोडक्यात सांगते, पण काही गोष्टी सोडून चालणार नाही. सनबोर्डच्या (फोमच्या हलक्या पाटीच्या) पट्ट्या ग्लू गनने जोडून डबा करायचा. मॉडेल मातीमधे बरोबर जोडरेघेपर्यंत, म्हणजे अर्धं, बुडवायचं, मातीची कड मॉडेलला अगदी घट्ट लावायची, पेनाच्या मागच्या टोकाने मातीत खळगे करायचे, त्याच पुढे खुंट्या होतात. सिलिकॉन महाग आहे, म्हणून किती लागेल ते आधीच मोजायचं. मी ज्वारी वापरते. डब्यात मॉडेलच्या वर बोटभर येईल इतकी ज्वारी भरायची, मग ती ज्वारी मापाच्या भांड्यात ओतून मिली बघायचे, तेवढंच सिलिकॉन लागणार, वजनात थोडं जास्त धरायचं कारण सिलिकॉन पाण्यापेक्षा किंचित जड असतं. ३०० मिली आली तर साधारण ३३० ते ३५० ग्राम. डब्यात एकही दाणा राहता कामा नये बरं.

टिन सिलिकॉनमधे हार्डनर बहुधा वजनाच्या ३ ते ५ टक्के, पाकिटावर लिहिलेलं असतं तेवढंच घालायचं, अंदाजे नाही. यासाठी सोनाराकडचा असतो तसा बारीक काटा घ्या, आता छोटे मिळतात. नीट ढवळायचं, मग दुसऱ्या ग्लासात ओतून परत ढवळायचं, कारण पहिल्या ग्लासाच्या भिंतीला न मिसळलेलं चिकटलेलं असतं. ओतताना डब्याच्या एका खालच्या कोपऱ्यात, उंचावरून, अगदी बारीक धारेने, म्हणजे धारेतच बुडबुडे फुटतात आणि सिलिकॉन स्वतःहून मॉडेलवर चढत जातं. एक दिवस तसंच ठेवायचं. मग उलटं करून माती काढायची, मॉडेल पहिल्या भागातून अजिबात उचलायचं नाही, आणि सिलिकॉनच्या उघड्या तोंडावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवून दुसरा भाग ओतायचा. व्हॅसलीन विसरलं की दोन्ही भाग एकजीव होतात, मग ब्लेडशिवाय इलाज नाही.

ओतायचं तोंड वांगोबाच्या बुडाखाली, म्हणजे साचा उलटा धरून ओतायचं. हवा नेहमी वर जाते, म्हणून साचा ज्या स्थितीत धरणार त्यात जी जी टोकं वर येतात तिथे हवेला वाट पाहिजे. देठाच्या टोपीत मी प्रत्येक काट्याच्या टोकापासून ब्लेडने एक बारीक खाच वरपर्यंत नेते, आणि ओतायच्या आधी साच्यात टाल्कम पावडर मारून झटकते, पावडरमुळे रेझिन बारीक कोपऱ्यात छान पसरतं.

आता रेझिन, आणि आपलं हवामान. इथे खान्देशातल्या लोकांना कोणी सांगत नाही अशा गोष्टी आहेत, कारण पाकिटावरचे आकडे बहुतेक २५ अंशाच्या आसपासच्या खोलीचे असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ असतं.

खेळण्यांसाठी मी पॉलियुरेथेन प्रकारचं रेझिन वापरते, दोन बाटल्या, बहुतेक समप्रमाणात, हातात चार-पाच मिनिटं मिळतात आणि अर्ध्या तासात नग निघतो. इपॉक्सीला एक दिवस लागतो, पण ती जास्त पारदर्शक आणि बुडबुडे सोडायला वेळ देते. फायबरच्या मूर्ती करणारे वापरतात ते पॉलिएस्टर, स्वस्त, पण वास भयंकर, घरात नकोच. तर गरमी जितकी जास्त तितकं रेझिन लवकर पकडतं, १० अंश वाढले की वेळ साधारण निम्मा होतो असं धरून चाला. म्हणजे एप्रिल-मे मधे दुपारी पॉलियुरेथेन ओतायला बसलात तर ग्लासातच दगड होणार. उन्हाळ्यात मी पहाटे पाच-साडेपाचला बसते, बाटल्या रात्रभर घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, फरशीवर. इपॉक्सी तर एकाच ग्लासात जास्त कालवली की स्वतःच्याच उष्णतेने उकळते, धूर येतो, ग्लास वितळतो, म्हणून थोडी थोडी कालवायची.

पावसाळ्यात वेगळाच त्रास. पॉलियुरेथेनच्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं, त्याला पाण्याचा थेंब लागला की कार्बन डायऑक्साईड सुटतो, आणि नग फसफसून फुगतो, आतून स्पंज. हवेतली ओल पुरेशी आहे त्याला. बाटली उघडली की लगेच बंद, ढवळायला लाकडी काडी नको कारण लाकडात ओल असते, प्लास्टिकची किंवा स्टीलची घ्या. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी जळगावात पारा १० च्या आसपास येतो तेव्हा इपॉक्सी मधासारखी घट्ट होते, बाटली पिशवीत घालून कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की ठीक. तरी माझ्या मते दिवाळी ते होळी हाच आपला खरा कास्टिंगचा, म्हणजे रेझिन ओतायचा, सीझन, हवा कोरडी, दुपार उबदार, सगळं सुरळीत होतं.

वांगोबा भरीव ओतला तर जड आणि महाग, म्हणून आतून पोकळ. थोडं रेझिन ओतून तोंड बंद करायचं आणि साचा हातात सगळ्या दिशांना सावकाश फिरवत राहायचं, जोवर ते पकडत नाही तोवर, मग दुसरा थर तसाच. रेझिनमधेच फिकट हिरवा रंग टाकते, म्हणजे पुढे कुठे टवका उडाला तरी आतून पांढरं दिसत नाही. आणि पाठीच्या काळ्या भागासाठी माझी लाडकी गोष्ट, साच्याच्या त्या अर्ध्या भागाला आतून कोळशाची बारीक, पूर्ण कोरडी केलेली पूड ब्रशने लावते. रेझिन त्या पुडीला धरून वाळतं, आणि साच्यातूनच नग जळक्या सालीसकट बाहेर येतो, वर रंग द्यावाच लागत नाही. बोट फिरवलं की खरखरीत लागतं आणि उजेडात कुठेही चमकत नाही, कारण तो खरा कोळसाच आहे. पहिला नग उघडला तेव्हा मी आजीला हाक मारली, तिने पाठीवर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं!

हे वाचून उद्याच सुरू करणार असाल तर थांबा, आधी मास्क घ्या. कापडाचा किंवा सर्जिकल मास्क रेझिनच्या वाफेला काहीच करत नाही, केमिकलच्या वाफेसाठी कार्ट्रिज लावलेला रेस्पिरेटर पाहिजे. आयसोसायनेटने दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की मग थोड्याशा वासानेही त्रास होतो, आयुष्यभर. इपॉक्सी कातडीला वारंवार लागली तर ॲलर्जी होते. नायट्राइलचे हातमोजे, गच्ची किंवा दोन्ही बाजूंनी हवा खेळणारी खोली, घरातलं लहान मूल त्या खोलीत नको, आणि घासकाम नेहमी पाण्यात, कोरडी धूळ उडवायची नाही. हाताला लागलं तर थिनरने पुसू नका, त्याने ते कातडीत अजून आत जातं, साबण-पाण्याने धुवा. छान छान रील दाखवणारे लोक उघड्या हातांनी ओततात, ते बघून मला खरंच काळजी वाटते.

रंगकामाचं फार लिहीत नाही. नग भांड्याच्या साबणाने घासून धुवायचा, नाही तर साच्याचा तेलकटपणा राहतो आणि रंग पापुद्र्याने निघतो. मग प्रायमर, ॲक्रिलिक, शेवटी मॅट वार्निश. पांढऱ्या रेघा मी स्पंजच्या तुकड्याने ओढते, ब्रशने फार आखीव येतात, खरं वांगं तसं नसतं. टोपी आणि डोक्यात छोटे लोहचुंबक, बसवताना उत्तर-दक्षिण आधी मार्करने खूण करून ठेवायचं. टोपी ठक्क करून बसते तो आवाज ऐकायला लोक परत परत काढतात-लावतात.

बरेच जण सुचवतात की नंदुरबारकडच्या काठीच्या राजवाडी होळीतले बुध्या बनव, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगभर नक्षी, टॉय म्हणून भन्नाट दिसेल. दिसेलच, त्या रूपाची ताकद मला पण जाणवते. पण ती माणसं ते नवसाने, नेम पाळून धारण करतात, आणि मी जळगावात बसून त्याची बाहुली करून विकावी हे मला पटत नाही. तिकडच्या एखाद्या पोराने किंवा पोरीने स्वतः बनवायचं ठरवलं तर सिलिकॉनपासून कास्टिंगपर्यंत सगळं शिकवायला मी आनंदाने जाईन. माझ्यासाठी वांगं आहे, केळीचा घड आहे, पोळ्याचा मातीचा बैल आहे, एवढ्यात आयुष्य जाईल.

त्याच विचाराने दुसऱ्याच्या खेळण्यावरून साचा काढणं पण नको. बाजारात नकली लबुबू ढिगाने आलेत, आणि सिलिकॉन हातात आलं की मोह होतो हे खरं आहे, पण कोणीतरी त्या आकारावर महिनोन्महिने बसलेलं असतं.

विकण्याबद्दल विचारतात, तर एक नियम माहीत असू द्या. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, हस्तकला आयुक्तालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. आपलं आर्ट टॉय मोठ्यांच्या संग्रहासाठी असतं, चुंबक आणि बारीक भाग असतात, म्हणून मी प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरात लिहिते की हे शोभेचं आहे, मुलांना खेळायला देऊ नये. विक्री वाढवायची असेल तर आधी या नियमांची नीट चौकशी करा. बुडाखाली नग क्रमांक आणि एकूण नग किती ते कोरायचं, आणि तेवढे झाले की त्या रंगाचा पुढचा नग काढायचा नाही, घेणाऱ्याला दिलेला शब्द असतो तो. किंमत लावताना घासायचे तास धरा, नवीन लोक फक्त सामानाचा खर्च धरतात आणि मग दोन महिन्यांत कंटाळून सोडून देतात. "एका वांग्याला एवढे पैसे?" असं विचारणाऱ्याला मी वांगोबा उलटा फिरवून हातात देते, बहुतेक वेळा त्यानंतर किमतीचा विषय निघत नाही.

साचा वापरात नसेल तेव्हा त्यात एक वाया गेलेला नग घालून, रबर बँड हलका लावून, उन्हापासून लांब सपाट ठेवा, रिकामा ठेवला तर वाकडा होतो. आणि उघडलेलं सिलिकॉन फार महिने टिकत नाही, एकट्याने किलोभर आणलं तर अर्धं वाया जातं, म्हणून या दिवाळीनंतर आम्ही जळगावातले तिघं-चौघं मिळून एकत्र मागवणार आहोत. भुसावळ, चोपडा, धुळ्याकडचं कोणी असेल तर सांगा, तुमचाही वाटा धरते.